लोकसभेला एक, विधानसभेला दुसरा आणि ग्रामपंचायतीला तिसराच: आमच्या गावाचा राजकीय कल नेमका कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात साधारण अठराशे मतदार. २०२४ च्या लोकसभेला गावातून महाविकास आघाडीला लीड, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीला, आणि ग्रामपंचायत मात्र कुठल्याच पक्षाचं नाव न लावणाऱ्या तिसऱ्या पॅनेलकडे. मग गावाचा कल नेमका कुठला, लोक इतके कसे फिरतात, आणि यात पैशाचा हात किती?

मी तालुक्याच्या गावी राहून बातमीदारी करतो. निकालानंतर केंद्रनिहाय मतांचे तक्ते घेऊन बसायचं आणि मग त्या गावांत जाऊन लोकांशी बोलायचं, हे माझं आवडीचं काम. त्या अनुभवावरून सांगतो: 'लोक फिरले' हा निष्कर्ष घाईचा आहे. तीन निवडणुकांत तुमच्या गावाला तीन निरनिराळे प्रश्न विचारले गेले. शिवाय उत्तर द्यायला आलेली माणसंही प्रत्येक वेळी पूर्णपणे तीच नव्हती.

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करतो, कारण बाहेरच्यांना तीच सगळ्यात कमी कळते. आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. पॅनेलं असतात, त्यांना ग्रामदैवताचं किंवा 'परिवर्तन', 'विकास' असलं नाव असतं, आणि चिन्हं राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांतून मिळतात. म्हणूनच निकालाच्या दुसऱ्या दिवशी एकाच सरपंचावर दोन-दोन पक्ष दावा करतात, आणि जिंकलेला सरपंच दोघांच्याही कार्यालयात हार घालून घेऊन येतो. त्या दाव्यांवरून गावाचा कल ठरवू नका.

आता गणित बघा. सदस्यसंख्या गावाच्या लोकसंख्येनुसार ७ ते १७. समजा तुमच्या गावात तीन वॉर्ड आहेत, प्रत्येकी सहाशे मतदार. ग्रामपंचायतीला मतदान भरघोस होतं, समजा पाचशे मतं पडली. सरळ लढतीत अडीचशेच्या पुढे गेलेला निवडून येतो. अशा वॉर्डात चाळीस-पन्नास मतांची एक भावकी इकडून तिकडे गेली की निकाल उलटतो. दर वेळी कुठे ना कुठे समसमान मतं पडतात आणि ईश्वरचिठ्ठीवर सदस्य ठरतो. इतक्या थोड्या मतांवर जिथे सगळं अवलंबून असतं, तिथे विचारधारा मागे पडणारच. मतदाराच्या मनात तिथे एकच प्रश्न असतो: माझं काम अडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ शकतो? घरकुलाच्या यादीत नाव, वस्तीपर्यंतची पाण्याची लाइन, गायरानातल्या अतिक्रमणाची नोटीस, घराचा नमुना आठचा उतारा. हे प्रश्न अजिबात क्षुल्लक नाहीत. ज्याला गावात राहायचं आहे त्याच्यासाठी दिल्लीतल्या सरकारपेक्षा हे जवळचे आहेत.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, तो म्हणजे 'गावात जातीवर मतदान होतं' हा. लोकसभेला काही वेळा हे बऱ्याच अंशी दिसतं. ग्रामपंचायतीत मात्र चित्र गुंतागुंतीचं असतं. ज्या गावात एका जातीची संख्या मोठी आहे, तिथे लढत त्या जातीच्या आतच होते. दोन्ही पॅनेलचे पुढारी त्याच जातीचे, पुष्कळदा एकाच आडनावाचे, आणि दोन घरांत बांधाचा नाहीतर विहिरीच्या पाळीचा जुना वाद. मग ज्यांची संख्या कमी, ती घरं निर्णायक ठरतात. माळ्याची दहा घरं, वडारवस्ती, बौद्धवाडा, मुसलमानांची गल्ली यांची मनधरणी दोन्हीकडून होते. तुम्ही गावाला 'अमुक जातीचं गाव' असं नाव दिलंत तर ही अर्धी लढाई तुम्हाला दिसणारच नाही.

आरक्षणाचा परिणामही मोठा आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली तेव्हा महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचपदाची सोडत निघाली की वर्षानुवर्षं तयारी करणारा पुढारी अचानक बाहेर पडतो आणि त्याला घरातलं किंवा गटातलं दुसरं नाव शोधावं लागतं. काही ठिकाणी हे नाव नुसतं कागदावर राहतं. पण काही ठिकाणी पाच वर्षांत त्या बाईंचा स्वतःचा गट तयार होतो, आणि पुढच्या निवडणुकीत गावाची जुनी मांडणी बदलते. मला हे बदल फार मोलाचे वाटतात, कारण ते कुठल्याही पक्षाच्या लाटेमुळे आलेले नसतात.

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे आता मतदार एकाच दिवशी दोन तऱ्हांनी विचार करतो. वॉर्डातलं मत भावकीला देतो, सरपंचपदाचं मत माणूस बघून देतो. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशी गावं तुमच्या तालुक्यातही सापडतील. तिथे 'गाव कुणाचं' याला एक उत्तर ग्रामपंचायतीपुरतंसुद्धा देता येत नाही.

विधानसभेला प्रश्न बदलतो, पण पूर्ण नाही. ग्रामपंचायत आणि विधानसभा यांच्या मधे एक थर आहे: विकास सोसायटी, दूध संघ, बाजार समिती, जिल्हा बँक आणि पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा केला, त्यानंतर पुढच्या पिढ्यांचं राजकारण याच संस्थांतून घडलं. पीककर्ज सोसायटीतून, ऊस कारखान्याकडे, दूध संघाला. त्यामुळे गावातला गट आधी तालुक्याच्या नेत्याशी बांधलेला असतो आणि नेत्याच्या मार्फत पक्षाशी. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा कित्येक गावांत काहीच हललं नाही आणि तरी गावाचा पक्ष बदलला. नेता गेला तिकडे गट गेला. बाहेरून बघणाऱ्याला ते गाव पालटल्यासारखं दिसलं. गावातली माणसं म्हणतील, आम्ही होतो तिथेच आहोत.

या निष्ठेला नुसती लाचारी म्हणणं मला पटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचं उदाहरण घ्या. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून १९६२ पासून ११ वेळा तिथून निवडून आले. राज्यात तो पक्ष आटत गेला, तरी तिथल्या दुष्काळी गावांनी त्यांची साथ सोडली नाही, कारण त्यांच्यासाठी पक्ष म्हणजे पाण्यासाठी भांडणारा तो माणूस होता. २०१९ मध्ये ते स्वतः उभे नव्हते आणि त्यांच्या घरातला उमेदवार हजारापेक्षाही कमी मतांनी पडला. २०२४ मध्ये नातू निवडून आले. राज्यभर लाट उलटी असताना हे झालं. १९९५ मध्ये विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यामागेही हीच गोष्ट होती: पक्षाने तिकीट नाकारलं, पण गावागावांतला गट माणसाबरोबरच राहिला.

लोकसभेला ही साखळी सैल होते. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ असतात. सतरा-अठरा लाख मतदारांत तुमच्या गावाचा वाटा हजारात एक. खासदार कुणीही झाला तरी कुणाचा दाखला अडत नाही, म्हणून मतदार तिथे मोकळा असतो. मनात जे साचलंय ते तिथे बाहेर पडतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी मे महिन्याच्या सुरुवातीला उठली, नाशिक जिल्ह्यातल्या, कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीचं मतदान २० मे रोजी झालं. पण तोपर्यंत शेतकऱ्यांनी चाळीतला कांदा पडेल भावाने विकून टाकला होता. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार तिथे पडल्या. मराठवाड्यात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या. राज्यात तेव्हा ४८ पैकी आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा होत्या.

सहा महिन्यांत विधानसभेला भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांना मिळून २८८ पैकी २३० जागा. मधे काय घडलं? लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये ऑगस्टपासून बायकांच्या खात्यावर येऊ लागले, हे एक कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण गावांत फिरताना मला आणखी एक गोष्ट जाणवली. लोकसभेला राग काढून झाला होता. विधानसभेला पुन्हा 'आपला माणूस' हा प्रश्न पुढे आला. आमदार निधी, रस्ता, रोहित्र, पोलीस ठाण्यात फोन करणारा कोण? एकाच शेतकऱ्याने मेमध्ये कांद्यावर मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये रोहित्रावर. त्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, आणि माझ्याही नाही.

आणखी एक कारण फार कमी लोक बघतात: मतदानाला आलं कोण? लोकसभेला महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झालं, विधानसभेला ६६ टक्के. म्हणजे शंभरातली किमान पाच माणसं अशी की मेमध्ये घरी राहिली आणि नोव्हेंबरमध्ये आली. उलटंही होतं. २००९ पासून प्रत्येक विधानसभेचं मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालं आहे, आणि बीड, अहिल्यानगरच्या काही भागांतल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेमक्या त्याच सुमाराला कारखान्यांकडे निघतात. तांड्यावरची तरणी माणसं गेलेली आणि म्हातारी-लहान पोरं मागे, अशा वेळी पडलेली मतं त्या तांड्याचा कल कसा सांगतील? लोकसभेला, एप्रिल-मेमध्ये, तीच माणसं परतलेली असतात. ग्रामपंचायतीला मुंबई-पुण्याहून गाड्या करून मतदार आणले जातात, कारण तिथे एकेका मताची किंमत आहे. लोकसभेला कोण गाडी पाठवणार? तीन निवडणुकांच्या मतदारांची नावं एका कागदावर मांडली तर तीन वेगळी गावं दिसतील.

पैशाबद्दलही तुम्ही विचारलंय. पैसे वाटले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पैशाने जेवढं मतदान फिरतं असं म्हणतात, तेवढं फिरताना मला दिसत नाही. दोन्हीकडून घेणारा शेवटी स्वतःच्या मनाचं करतो. जो नाही तरी घरीच बसला असता, त्याला बाहेर काढण्यात पैशाचा खरा उपयोग होतो. अधिक गंभीर प्रकार म्हणजे निवडणूकच होऊ न देणं. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण सरपंचपदासाठी बोली लागली होती. बिनविरोध झालेल्या सगळ्याच गावांत असं होत नाही. पण 'आमच्याकडे एकमत आहे' असं कुणी सांगितलं की ते एकमत कुणाकुणाला विचारून झालं, हे मी विचारतोच.

काही मतं कलाचा भाग नसतातच. दिंडोरीत २०२४ ला निवडून आलेल्या उमेदवाराचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं. त्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती 'तुतारी' मिळाली आणि त्याला एक लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात असं चिन्ह असलेल्या अपक्षाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. गावच्या आकड्यांत असा अपक्ष दिसला तर त्याला वेगळा प्रवाह समजू नका. उलट लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर आला, ते मात्र ठरवून केलेलं मतदान होतं, असं मला आकड्यांवरून वाटतं. गावंच्या गावं एकदम चुकून नोटा दाबत नाहीत.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगतो. गावाचा कल आपल्याला कळतो तो केंद्रनिहाय मतमोजणीमुळे. नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं आणि तो तक्ता कुणीही बघू शकतो. शहरात त्याने काही बिघडत नाही. गावात एक केंद्र म्हणजे अख्खं गाव, कधी नुसती एक वाडी. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. २००४ पासून देशभर लोकसभेला यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम देणारं टोटलायझर वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केंद्राकडे पाठवला, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून लागू झालेलं नाही.

याचा परिणाम गावात राहणाऱ्यालाच कळतो. निकालाच्या संध्याकाळी पुढाऱ्याच्या हातात तक्ता असतो: या वाडीतून आपल्याला अकरा मतं. अकरा कोणती हे त्याला बिनचूक सांगता येतं आणि उरलेली कोणती तेही. मग त्या वाडीचा रस्ता पुढच्या आराखड्यात सरकतो, टँकरचा क्रम मागे जातो. उघडपणे कुणी धमकी देत नाही. नुसतं म्हणतात, 'तुमच्याकडून किती पडली ते बघितलं आम्ही.' एका वाडीतल्या बायकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रागावलेल्याही नव्हत्या. त्यांना ते गृहीतच होतं. मत गुप्त असतं हे त्यांना शाळेत शिकवलेलं ठाऊक होतं, पण ते त्यांच्या वाडीला लागू नव्हतं.

२०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये पंकजा मुंडे साडेसहा हजारांच्या फरकाने हरल्या. इतक्या निसटत्या निकालानंतर कुठल्या गावातून कुणाला किती, याची चर्चा सुरू झाली आणि एकत्र नांदणाऱ्या गावांत मराठा-ओबीसी अशी कटुता आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत लोकांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, कारण विधानसभेचा गावातला आकडा त्यांच्या हिशेबाशी जुळत नव्हता. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. यंत्रावरचा वाद मी इथे काढत नाही. माझं लक्ष वेधलं ते वेगळ्या गोष्टीकडे: कुणी कुणाला मत दिलं याचा हिशेब गावाकडे तोंडपाठ होता. लहान समाजात मत लपून राहत नाही आणि हे माहीत असल्यामुळे काही माणसं मत देतानाच ते धरून चालतात. मग जो कल दिसतो त्यात मर्जी किती आणि सावधपणा किती?

एवढं वाचूनही तुम्हाला गावाचा कल शोधायचाच असेल तर रीत अशी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून २०१४, २०१९ आणि २०२४ च्या विधानसभेचे नमुना २० काढा. लीड बघू नका, प्रत्येक बाजूला पडलेल्या मतांची टक्केवारी बघा. चाळीस मतांच्या लीडवरून गावाला नाव पडतं, पण त्या चाळीसमागे ५१ आणि ४९ असतात. मग तीच टक्केवारी अख्ख्या मतदारसंघासाठी काढा आणि शेजारी ठेवा. सगळीकडे आठ टक्के वाढली आणि गावातही आठच वाढली, तर तुमच्या गावात वेगळं काही घडलं नाही, वारं सगळीकडे होतं तेच होतं. सगळीकडे आठ आणि गावात दोन, किंवा उणे तीन, तर तिथे गावचं स्वतःचं कारण आहे. ते शोधायला कट्ट्यावर बसणाऱ्यांना विचारून भागणार नाही. सोसायटीच्या सचिवाला, आशाताईंना, वस्तीवरच्या शाळेच्या मास्तरांना, टोळीच्या मुकादमाला विचारा. पक्षफुटीमुळे २०१९ आणि २०२४ ची तुलना पक्षाच्या नावाने करू नका, उमेदवार आणि त्याच्यामागचा गट धरून करा. एकूण किती मतं पडली हा रकाना कधीही वगळू नका. जिल्हा परिषदेचे आकडेही पाहावेत असं मी म्हणालो असतो, कारण पक्षचिन्ह आणि ओळखीचा माणूस दोन्ही तिथे एकत्र येतात. पण २०२२ नंतर त्या निवडणुका इतक्या रखडल्या की जुने आकडे आजच्या गावाला फारसे लागू पडत नाहीत.

आणि एक विनंती. हा तक्ता तयार झाला की तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होईल. टाकायचाच असेल तर सगळ्या केंद्रांची एकत्र बेरीज टाका. साठ-सत्तर मतांच्या वाडीचा आकडा वेगळा काढून दाखवू नका. तो पुढाऱ्यांकडे आहेच, पण शेजाऱ्यांच्या तोंडी तो तुमच्यामुळे जायला नको.